कसारा, घाटाच्या पायथ्याशी

कसारा लोकलमध्ये बसलेल्या माणसाला मुंबई कल्याणपर्यंत सोडत नाही. ठाणं सुटताना दारात माणसं लोंबकळत असतात, आत चौथ्या सीटवरून कुरबूर चाललेली असते. कल्याणला अर्धा डबा उतरतो. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली करत वासिंद आलं की उभं कोणी राहत नाही, आणि आसनगावला शहापूरची मंडळी उतरून गेली की डब्यात पहिल्यांदा वारा जाणवतो. डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसू लागतात. पुढे आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी. मग समोर सह्याद्री उभा ठाकतो आणि गाडी थांबते, ती थांबतेच. मोटरमन आपली बॅग घेऊन खाली उतरतो आणि फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघतो. मुंबईपासून १२१ किलोमीटरवर, अडीच तासांच्या आसपासच्या प्रवासानंतर, उपनगरी रेल्वेचा हा फाटा संपतो.

संपतो म्हणजे लोकलपुरता. रूळ पुढे जातातच, तेही एक नव्हे तीन मार्गांनी: अप, डाउन आणि मिडल. लोकल मात्र त्यांवरून पुढे जात नाही.

म्हणून गाडी थांबल्याबरोबर फलाटावर एक धावपळ उडते. ज्यांना कसाऱ्यातच किंवा आसपासच्या पाड्यांवर जायचं असतं ते सावकाश उतरतात. ज्यांना नाशिक गाठायचं असतं ते पुलाकडे पळतात, कारण स्टेशनाबाहेर जीपगाड्या उभ्या असतात आणि पहिल्या गाडीत जागा मिळाली नाही तर दुसरी भरेपर्यंत बसून राहावं लागतं. ‘नाशिक, नाशिक’ अशी हाळी चाललेली असते. एखादं शीट कमी असेल तर ड्रायव्हर पुलावरून उतरणाऱ्या शेवटच्या माणसाकडे डोळे लावून असतो. मागच्या बाजूला दाटीवाटीने, मांडीवर बॅगा घेऊन, माणसं घाट चढू लागतात. थेट गाडीचं आरक्षण न मिळालेले, सकाळची एक्स्प्रेस चुकलेले, मुंबईत दिवसभराचं काम उरकून रात्री घरी परतणारे असे सगळे त्यांत असतात. कितीतरी वर्षं हा लोकांनी लोकांसाठी बसवलेला जोडमार्ग चालू आहे आणि रेल्वेच्या कुठल्याही वेळापत्रकात तो छापलेला नाही.

ही धावपळ पाहिली की मला १८६१ साल आठवतं. तेव्हाही रेल्वे इथेच संपत होती.

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पुढच्या तारखा फारशा कोणाला माहीत नसतात. १ मे १८५४ला रूळ कल्याणला पोचले, १ ऑक्टोबर १८५५ला वासिंदला. तिथून पुढे काम रेंगाळलं. आसनगाव यायला १८६० उजाडलं आणि १ जानेवारी १८६१ला गाडी कसाऱ्याला आली. त्यानंतर इगतपुरी. कसारा आणि इगतपुरी यांत रेल्वेने अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण ते पार करायला १ जानेवारी १८६५ची वाट पाहावी लागली. चार वर्षं.

या चार वर्षांत कसारा हे शेवटचं स्टेशन होतं आणि ती चार वर्षं साधी नव्हती. एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. युद्ध एप्रिल १८६५मध्ये संपलं. म्हणजे मुंबईत सोन्याचा धूर निघाल्याच्या ज्या गोष्टी आपण वाचतो, त्या जवळजवळ सगळ्या काळात थळ घाटात, म्हणजे कसाऱ्यापुढच्या या घाटात, रूळ नव्हते. खानदेशाकडून आग्रा रस्त्याने येणारा माल बैलगाड्यांनी घाट उतरायचा आणि रेल्वेला भेटायचा तो या पायथ्याशी. माणसंही तशीच. मुंबईहून आगगाडीने यायचं, कसाऱ्याला उतरायचं आणि पुढे गाडीबैलाने नाहीतर पायी चढायचं. आज जीपच्या मागच्या सीटवर अंग चोरून बसणारा नाशिककर नेमकं हेच करतो. दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच ठिकाणी उतरून, त्याच डोंगरासाठी, वाहन बदलतो.

ही वाट मुळात रेल्वेने शोधलेली नव्हे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून नाशिककडे आणि पुढे पैठणकडे जाणारा व्यापार थळ घाटातून चालत आलेला आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा पहिला विचार मात्र या घाटाचा नव्हता, सह्याद्री माळशेजजवळून ओलांडावा असा होता. १८५० साली कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून आलेला जेम्स जॉन बर्कली हा डोंगर पुन्हापुन्हा पालथा घालत राहिला आणि अखेर त्याने दोन वाटा पक्क्या केल्या. पुण्याकडे जायला बोर घाट, नाशिक-खानदेशाकडे जायला थळ घाट. थळ घाटात साधारण साडेनऊ मैलांत ९७२ फूट चढायचं होतं. चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. पायी चालणाऱ्याला हा चढ काहीच वाटणार नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाकं फिरवणाऱ्या गाडीला तो जीवघेणा असतो, कारण तिथे पकड जवळजवळ नसतेच. डोंगरउतारावर उंची मिळवायला वाटेत गाडीची दिशा उलटवण्याचं ठाणंही बांधावं लागलं होतं. कातळातले बोगदे, दऱ्यांवरचे पूल आणि त्यांतला सर्वांत उंच एहेगावचा पूल हे सगळं सुरुंगाच्या दारूने, पहारींनी आणि माणसांच्या पाठीवरून उभं राहिलं. बर्कली प्रकृती ढासळल्यामुळे १८६१मध्ये मायदेशी परतला आणि ऑगस्ट १८६२मध्ये वारला. त्याने नक्की केलेल्या दोन घाटांपैकी एकातूनही धावणारी गाडी त्याला पाहायला मिळाली नाही. त्याचं नाव निदान इतिहासात राहिलं. कड्याला दोर बांधून, लोंबकळत, कातळात सुरुंगाची भोकं पाडणाऱ्या मजुरांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. घाटातून जाताना बोगद्याच्या तोंडाशी छिन्नीच्या खुणा दिसल्या की मला तेच आठवतात.

आता या स्टेशनाचं खरं काम. मुंबईहून येणाऱ्या गाडीला रेल्वेच्या भाषेत डाउन म्हणतात, आणि ही डाउन गाडी इथून पुढे डोंगर चढते. पुढच्या एका इंजिनाला तो चढ झेपत नाही. म्हणून गाडी कसाऱ्याला थांबते आणि मागून बँकर लागतात, म्हणजे ढकलणारी इंजिनं. बहुधा दोन असतात, मालगाडीला जास्तही लागतात. इंजिन हळूहळू मागे येऊन टेकतं तेव्हा शेवटच्या डब्यातल्या प्रवाशाला एक धक्का बसतो आणि झोपलेली मुलं जागी होतात. कपलिंग जोडलं जातं, ब्रेकच्या नळ्या जोडल्या जातात, हवेचा दाब तपासला जातो. मग पुढचा ड्रायव्हर शिट्टी देतो, मागून बँकरची शिट्टी उत्तर देते आणि गाडी दोन्ही टोकांनी जोर लावत निघते. इगतपुरीला बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी परत खाली येतात. दिवसरात्र, बारा महिने हेच.

वाफेच्या जमान्यात हे काम कसं चालत असेल याची कल्पनाच केलेली बरी. १९३०मध्ये कल्याण-इगतपुरी मार्गावर वीज आली, १५०० व्होल्ट डीसी. त्या काळात घाटासाठी खास मागवलेली मालगाडीची ४१ इंजिनं आली, काही स्वित्झर्लंडमध्ये आणि बाकीची इंग्लंडमध्ये बांधलेली. लांबुडकी नाकं दोन्हीकडे, मधे केबिन, आणि चाकांना जोडणारे दांडे. रेल्वेतल्या लोकांनी या इंजिनांना ‘खेकडा’ हे नाव दिलं. त्या इंजिनांनी कितीतरी वर्षं हे घाट सांभाळले. नंतर तारांतली वीज बदलून २५,००० व्होल्ट एसी झाली, इंजिनं बदलली, ताकद कितीतरी पट वाढली. चढ मात्र तोच राहिला, ३७ला १, आणि कसाऱ्याचा थांबाही राहिला.

चढण्यापेक्षा उतरणं अधिक धोक्याचं. इगतपुरीहून खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक आधी तपासले जातात. घाटात ठिकठिकाणी कॅच साइडिंग आहेत, म्हणजे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाऊन संपणारे रूळ. तिथले सांधे नेहमी या आडमार्गाकडेच वळवलेले असतात. गाडीने तिथे येऊन नियमाप्रमाणे थांबायचं, ती ताब्यात आहे हे सिद्ध करायचं, मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. एखादी गाडी ब्रेक न लागता सुसाट आलीच, तर ती आडमार्गावर चढून आपोआप थांबावी, खाली कसाऱ्याच्या फलाटावर येऊ नये. गाडी ताब्यात नाही असं आधी धरायचं आणि ती ताब्यात असल्याचं दिसल्यावर वाट द्यायची, ही व्यवस्था ज्याने कोणी पहिल्यांदा बसवली त्याच्याविषयी मला फार आदर वाटतो.

कसाऱ्याशी माझी ओळख झाली ती अशाच एका थांब्यावर. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नाशिकला जायचो. गाडी इथे उभी राहिली की खिडक्यांखालून पानांचे द्रोण वर यायचे, काळीभोर करवंदं भरलेले. आई पैसे खिडकीतून खाली सोडायची. घेणाऱ्या बाईचा हात तेवढा दिसायचा, मनगटाच्या वरपर्यंत हिरव्या बांगड्या आणि बोटांवर करवंदांच्या चिकाचे काळे डाग. गाडी हलली की तो हात बाजूला व्हायचा. त्या हाताचं गाव कुठे आहे, ती बाई तिथून इथे कशी येते, हे प्रश्न तेव्हा पडले नाहीत. ते पडायला मला लोकलने इथे येऊन उतरावं लागलं.

कारण एक्स्प्रेसमधून कसारा दिसतं ते निराळं आणि फलाटावरून दिसतं ते निराळं. फलाटावर उभं राहिलं की ध्यानात येतं, इथे कितीतरी गाड्या थांबतात पण त्या इथल्या माणसांसाठी थांबत नाहीत. त्या इंजिनासाठी थांबतात. तांत्रिक थांबा म्हणतात त्याला. नाशिकला, मनमाडला, जळगावला जाणारी गाडी डोळ्यांदेखत पाच-दहा मिनिटं उभी असते, आणि तिच्या छापील थांब्यांत कसाऱ्याचं नाव नसलं तर समोर उभ्या असलेल्या माणसाला तिचं तिकीट मिळत नाही. ज्या थोड्या गाड्यांचा इथला थांबा अधिकृत आहे त्यांवर साऱ्या पंचक्रोशीची मदार. मोखाडा-जव्हारकडच्या माणसांनाही रेल्वे गाठायची तर बहुतेकांना कसारा किंवा खर्डीच जवळ. कोणाला इगतपुरीच्या पुढे दवाखान्यात जायचं असतं, कोणाला कॉलेजला. त्यांच्या वाट्याला खाली जाणारी लोकल येते, नाहीतर वर जाणारी जीप.

पाण्याचंही असंच आहे आणि ते सांगितल्याशिवाय या स्टेशनाविषयी लिहिणं मला अप्रामाणिक वाटेल. आसनगाव ते कसारा हा सगळा शहापूर तालुका. मुंबईची तहान भागवणारी मोठी धरणं याच पट्ट्यात आणि याच्या शेजारी आहेत. तानसा १८९२चं. मोडकसागर १९५७चं, महापालिकेचे अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाचं. भातसा त्यानंतरचं, आणि मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा भार ते एकटं उचलतं. मध्य वैतरणा २०१४चं. आटगावजवळ लोकलच्या खिडकीतून उन्हाळ्यात बाहेर पाहा. एका बाजूला महानगराकडे पाणी नेणारी व्यवस्था आणि दुसऱ्या बाजूला हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या बाया, हे याच तालुक्यातलं दर उन्हाळ्याचं चित्र आहे. इगतपुरीकडच्या भावली धरणातून इथल्या गावपाड्यांना पाणी आणायच्या योजनेविषयी लोक वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या डोंगरात मार्चपासून विहिरी आटतात, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुंबईत नळ सोडताना हात थबकतो.

या तालुक्यातले ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्यासाठी लोकल म्हणजे बाजाराची वाट. पहिला पाऊस पडला की रानात शेवळं फुटतात. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टुली. त्याआधी करवंदं, जांभळं, रायवळ आंबे. हे सगळं पहाटेच्या अंधारात टोपल्यांत भरून बाया स्टेशनवर येतात. मालडब्यात चढतात, टोपल्या एकमेकींना लावून मधे जागा करतात आणि कल्याण-ठाण्याकडे निघतात. जुड्या बांधायचं काम गाडीतच चालतं. एकीच्या हातात पानांची चळत असते, दुसरी दातांनी सुंभ तोडते. शेवळांबरोबर काकडं द्यायची विसरायची नाहीत, नाहीतर भाजी घशाला खाजते. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं कामही त्यांचंच, कारण शहरातल्या पुष्कळ घरांत आता ते सांगणारी सासू उरलेली नाही. दुपारी रिकाम्या टोपल्या एकात एक घालून त्या परत येतात. दिवाळी झाली की आणखी एक प्रवास सुरू होतो. कातकरी कुटुंबं भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं घेऊन वीटभट्ट्यांकडे निघतात, कल्याण-भिवंडीच्या दिशेला, आणि परततात ती पावसाच्या तोंडावर. त्या मुलांची शाळेची वर्षं या ये-जा करण्यात वाहून जातात.

घाट चालत चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची वाटही याच स्टेशनाच्या उशाशी आहे. मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून मुंबईकडे गेला. आझाद मैदानात मागण्या मान्य झाल्यावर परतीसाठी मध्य रेल्वेने भुसावळकडे खास गाड्या सोडल्या. ज्या डोंगरातून ते फोडांनी भरलेल्या पायांनी उतरले होते, त्याच डोंगरातून ते रात्री बसून वर गेले. मे २०२०मध्ये, टाळेबंदीत, उलट्या दिशेने माणसं चालत होती, मुंबईकडून वर, डोक्यावर बोचकी घेऊन, उत्तरेच्या ओढीने. रूळ तेव्हा जवळजवळ निजलेले होते.

पावसाळा हा इथला खरा परीक्षेचा काळ. १९ जुलै २०१२च्या पावसाळी रात्री कसाऱ्याजवळ रुळावरून घसरलेल्या लोकलच्या डब्यांवर विदर्भ एक्स्प्रेस आदळली. २९ ऑगस्ट २०१७ला आसनगावजवळ दरडीच्या मलब्यामुळे नागपूर-मुंबई दुरांतो घसरली. जुलै २०२१मध्ये एका रात्रीत एवढा पाऊस कोसळला की उंबरमाळी स्टेशनात पाणी फलाटाच्या कडेपर्यंत चढलं, घाटात रुळांखालची खडी वाहून गेली आणि अडकलेल्या प्रवाशांना बसने हलवावं लागलं. अशा रात्री घाटात गस्त घालणारे ट्रॅकमन आपल्याला दिसत नाहीत. अंगावर रेनकोट, हातात दिवा, खांद्यावर हत्यारं, आणि कान डोंगराकडे. दगड सुटल्याचा आवाज पावसाच्या आवाजातून वेगळा काढता यावा लागतो. गाडी सुखरूप वर पोचते तेव्हा आतल्या हजार-बाराशे लोकांपैकी एकालाही ठाऊक नसतं की अमुक वळणावर कोणीतरी भिजत उभं होतं आणि त्याने हिरवा दिवा दाखवला म्हणून आपण झोपलो होतो.

आता घाटालाच पर्याय निघू लागले आहेत. १० फेब्रुवारी २०२३ला मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली. तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, त्यामुळे तिला बँकर लागत नाही आणि कसाऱ्याला थांबावंही लागत नाही. पुढे-मागे इंजिन लावून धावणाऱ्या काही गाड्याही या खटाटोपातून सुटल्या आहेत. रस्त्यावर ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, आणि ज्या घाटात ट्रकांच्या रांगांत तास मोडायचा तो आता मोटारीने काही मिनिटांत मागे पडतो. कसाऱ्यापुढे सौम्य चढाचे नवे रूळ टाकायची चर्चा आहे. कल्याण-कसारा तिसरी मार्गिका, सुमारे ६७ किलोमीटरची, २०११मध्ये मंजूर झाली. पाठीमागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी वाटेत थांबून राहिलेल्या लोकलमधल्या माणसाला तिचं मोल कोणी समजावून सांगायला नको. नाशिक आणि कल्याण जोडणाऱ्या लोकलची मागणीही जुनीच. घाटात उभ्या राहिलेल्या गाडीला धरून ठेवणारे खास ब्रेक असलेली गाडी त्यासाठी हवी, असं अभियंते सांगतात. ती येईल तेव्हा नाशिककरांची सोय होईल याचा मला आनंद आहे. पण त्या गाडीच्या वेळापत्रकात कसाऱ्यापुढे दोन आकडे छापलेले असावेत, येण्याचा आणि सुटण्याचा, अशी माझी फार इच्छा आहे. इंजिनासाठी थांबलेल्या गाड्या बघत इथल्या तीन-चार पिढ्या गेल्या. आता बँकरची गरज संपते आहे म्हणून त्या गाड्या न थांबताच निघून जाणार असतील, तर निदान माणसांसाठी काही थांबे ठेवावेत एवढंच इथल्या लोकांचं मागणं आहे आणि ते मला रास्त वाटतं.

मी परत निघालो तेव्हा दिवेलागण झाली होती. एक लांब पल्ल्याची गाडी मधल्या मार्गावर उभी होती, तिला मागून इंजिनं लागत होती. आमच्या लोकलच्या मालडब्यात दोन बाया चढल्या, एकीच्या टोपलीवर ओलं फडकं झाकलेलं. पलीकडून लांब शिट्टी आली, मागून तिला उत्तर मिळालं आणि ती गाडी डोंगराकडे हलली. जरा वेळाने आमचीही सुटली, उलट्या दिशेला, रिकामी रिकामी, खर्डीच्या फलाटावर वाट पाहणाऱ्यांकडे.